संत एकनाथ: चारशे वर्षांपूर्वी ‘व्हायरल’ पोथी तपासणारे पैठणचे एडिटर

भाद्रपद वद्य षष्ठीला मोबाईलवर ज्ञानेश्वरी जयंतीच्या शुभेच्छा यायला लागतात. जयंती म्हटलं की आपण धरूनच चालतो, की याच दिवशी ज्ञानेश्वर माऊलींनी ज्ञानेश्वरी लिहून पूर्ण केली असणार. ग्रंथाचा वाढदिवस, दुसरं काय!

पण ही तिथी एकनाथांमुळे आलेली आहे. ज्ञानेश्वरी तयार झाली नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला. भाद्रपदातल्या षष्ठीची नोंद आहे ती शके १५०६ ची, म्हणजे १५८४ ची. त्या दिवशी, कपिलाषष्ठीचा दुर्मिळ योग साधून, पैठणला गोदावरीच्या काठी एकनाथांनी ज्ञानेश्वरीची तपासून शुद्ध केलेली प्रत लिहून संपवली. दोन्हींमध्ये २९४ वर्षं आहेत.

म्हणजे आपण ज्याला ग्रंथाचा वाढदिवस समजतो, तो खरं तर ‘फॅक्ट-चेक’ पूर्ण झाल्याचा दिवस आहे. आणि त्याच दिवसाबद्दल आपण न तपासता समज करून घेतो, ही गंमत वेगळीच.

भानुदासांचा पणतू

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी, नंतर शास्त्री-पंडितांचं गाव. छत्रपती संभाजीनगरहून साधारण ५० किलोमीटर. जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात, ते नाव याच एकनाथांवरून आलं.

एकनाथांचा जन्म सोळाव्या शतकातला. वर्ष कोणी १५२८ सांगतं, कोणी १५३३, कोणी १५४८. गुगलवर पहिल्या ओळीत एकच आकडा दिसतो म्हणून तो ठरलेला आहे असं नाही. बाकी घराची माहिती मात्र सगळीकडे सारखी आहे. पणजोबा संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. आजोबा चक्रपाणी, वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. आई-वडील लहानपणीच गेले आणि पोराला आजी-आजोबांनी वाढवलं.

वयात येण्याआधीच हा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर गेला. तिथे जनार्दनस्वामी होते. निजामशाहीच्या चाकरीत असलेले किल्लेदार, आणि त्याच वेळी दत्तभक्त. एकनाथांनी पुढे आयुष्यभर आपल्या रचनांमध्ये स्वतःच्या नावाला गुरूंचं नाव जोडून सही केली.

देवगिरीच्या दिवसांतली एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. जनार्दनस्वामींनी एकनाथांना जमाखर्चाचं काम दिलं होतं. एका रात्री हिशोब जुळेना. फरक किती? लोक सांगताना एका पैचा म्हणतात. एवढ्याशा फरकासाठी पोरगं रात्रभर दिव्याजवळ वह्या उलटत बसलं. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि त्या आवाजाने स्वामी जागे झाले.

ही गोष्ट खरंच घडली का? एकनाथांच्या बहुतेक गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या महिपतीसारख्या चरित्रकारांकडून. महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, म्हणजे एकनाथ गेल्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिलेले. तेव्हा हिशोबाच्या वहीची गोष्ट ‘कथा’ या फोल्डरमध्ये ठेवू. डिलीट करायची गरज नाही, कारण लोकांनी हीच गोष्ट एकनाथांना का चिकटवली असेल, हे त्यांच्या पुढच्या कामावरून बरोबर कळतं.

न वाचता दिलेला रिव्ह्यू

गुरूंच्या सांगण्यावरून एकनाथ तीर्थयात्रा करून पैठणला परतले. गिरिजाबाईंशी लग्न झालं, संसार मांडला, मुलंबाळं झाली. वाड्यात रोज कीर्तन, अन्नदान. संत म्हणजे घर सोडलेला माणूस, हा आपला आणखी एक अंदाज. एकनाथ शेवटपर्यंत घरातच राहिले.

मग त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. इथे टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, सविस्तर अर्थ सांगणं. संस्कृतात बंद असलेलं ज्ञान बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या भाषेत आणायचं होतं. परंपरा सांगते, की त्यातले सुरुवातीचे अध्याय काशीला पोहोचले आणि तिथले पंडित भडकले. मराठीत भागवत? ग्रंथ बाटला! एकनाथांना काशीला बोलावून जाब विचारला गेला. त्यांनी ग्रंथ वाचून दाखवला, विरोध विरघळला, आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली.

मिरवणुकीचे तपशील कथेतले समजा. पण ग्रंथ काशीत, म्हणजे वाराणसीत, शके १४९५ ला (इ.स. १५७३) पूर्ण झाला, हे खुद्द ग्रंथातच नोंदलेलं आहे. १८ हजारांहून जास्त ओव्यांचं ‘एकनाथी भागवत’ आजही गावोगावी वाचलं जातं. काशीच्या पंडितांची चूक आपल्याला ओळखीची वाटायला हवी. पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी रिव्ह्यू देऊन टाकला होता.

माणसांबद्दलही असे तयार रिव्ह्यू तेव्हा होतेच. एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ वाचा. एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या धर्माला नावं ठेवत कडाकडा भांडतात. प्रत्येकाकडे दुसऱ्याबद्दल ऐकलेल्या गोष्टींचा साठा. बोलता बोलता दोघंही आपापलं म्हणणं उलगडतात आणि शेवटी मिठी मारतात. सोळाव्या शतकातलं हे लिखाण आहे, त्या काळी पैठणवर निजामशाहीचा अंमल होता. भारुडांमध्ये तर एकनाथ स्वतःच दुसऱ्याच्या जागी उभे राहतात. वासुदेव, जोगतीण, गावकुसाबाहेरचा महार अशी कितीतरी पात्रं त्यांच्या तोंडून बोलतात. जातिभेदाच्या त्या काळात एका ब्राह्मण कीर्तनकाराने हे करणं म्हणजे गावाशी उघड वैर घेणं होतं. श्राद्धाचं जेवण भुकेल्या महार कुटुंबाला वाढलं म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकल्याची कथा याच धाग्यातली.

आता मुख्य कामाकडे वळू.

कॉपी-पेस्ट नसतानाची कॉपी

ज्ञानेश्वरीत ओव्या साधारण ९ हजार. छापखाना नाही. प्रत हवी असेल तर बसायचं, बोरू शाईत बुडवायचा आणि अक्षर न् अक्षर उतरवायचं. कागद दमट होतो, कसर लागते, म्हणून दर काही वर्षांनी नवी प्रत. म्हणजे २९४ वर्षांत प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत.

हाताने उतरवताना चुका होतात, आणि त्या ठरावीक प्रकारच्या असतात. दोन ओळींत एकच शब्द असेल तर नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधलं सगळं गळतं. एकाने वाचून दाखवायचं आणि दुसऱ्याने लिहायचं अशी पद्धत असेल, तर कानाला जे वाटलं ते कागदावर येतं. कोणी समासात स्वतःसाठी टीप लिहून ठेवतो, पुढच्या लेखकाला ती मूळ मजकुरातली वाटते आणि तो ती आत घेतो.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे ऑटोकरेक्ट. तुम्ही मित्राचं आडनाव टाईप करता आणि कीबोर्ड ते बदलून ओळखीचा शब्द टाकतो, तसंच. तेराव्या शतकातला एखादा शब्द सोळाव्या शतकातल्या लेखकाला कळत नाही. तो समजतो, आधीच्याने चूक केली. मग ‘दुरुस्त’ करून आपल्या काळातला शब्द लिहितो. हेतू चांगला आणि मजकूर बिघडलेला! म्हणूनच जुन्या पोथ्यांचे संपादक पुढे एक उलटा वाटणारा नियम पाळू लागले: दोन प्रतींत दोन वेगळे शब्द असतील तर बहुतेक वेळा अवघड शब्द जुना असतो. कारण अवघडाचं सोपं कोणीही करतं, सोप्याचं अवघड मुद्दाम कोण करेल?

त्यात ओवी हा प्रकार सैल. तीन चरणांना यमक, चौथा आखूड, मात्रांचं कडक बंधन नाही. गीतेच्या एकेका श्लोकावर ज्ञानेश्वर ओव्यांमागून ओव्या रचत जातात. अशा रांगेत कोणा भाविक कवीने आपली एक ओवी सरकवली तर पटकन कळणार नाही. अशा घुसवलेल्या मजकुराला क्षेपक म्हणतात.

आता जरा हिशोब करा. समजा, एक लेखक १०० ओव्यांत फक्त एक चूक करतो. फार काळजीवाला माणूस झाला. तरी ९ हजार ओव्यांत ९० चुका. त्या प्रतीवरून पुढच्याने प्रत केली की त्या ९० आल्याच, वर त्याच्या स्वतःच्या ९०. दहा पिढ्या गेल्या की काय होत असेल?

आणि प्रत्येक घरात वाटत असणार, आमच्या देव्हाऱ्यातली पोथीच खरी.

त्यांनी काय केलं नाही

एकनाथांनी आपल्या प्रतीच्या शेवटी काही ओव्या लिहून ठेवल्या आहेत. त्यात शक, संवत्सर, महिना, तिथी, ठिकाण सगळं येतं. तिथे ते सांगतात, की ग्रंथ मुळात अत्यंत शुद्ध होता, पण वेगवेगळे पाठ पडत गेल्याने शुद्धात अशुद्ध मिसळलं, म्हणून शोध घेऊन ही प्रत शुद्ध केली.

या कामामागे एक प्रसिद्ध कथा आहे. ज्ञानेश्वर एकनाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, आळंदीला समाधीत अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. एकनाथ आळंदीला गेले, झाडीत हरवलेली समाधी शोधली, मुळी दूर केली. एकनाथांच्या नावावर असलेल्या एका अभंगातही हा प्रसंग येतो.

आता विचार करा. ज्या माणसाबद्दल ज्ञानेश्वर स्वप्नात येतात अशी ख्याती आहे, त्याला पोथी शुद्ध करायचा सोपा रस्ता कोणता? ‘माऊलींनी मला स्वतः सांगितलं, हा शब्द असा आहे.’ विषय संपला. सोळाव्या शतकात याला कोणी आव्हान दिलं नसतं. पण शेवटच्या ओव्यांमध्ये एकनाथ दृष्टांताचा आधार घेत नाहीत. ते पाठभेदांचं कारण देतात आणि शोधून शुद्ध केलं म्हणतात. मला एकनाथांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार हाच वाटतो. श्रीखंड्या बनून त्यांच्या घरी पाणी भरणाऱ्या श्रीकृष्णापेक्षाही मोठा.

दुसरा सोपा रस्ता बहुमताचा होता. दहा पोथ्या जमवा, आठांत जे आहे ते बरोबर माना. ऐकायला लोकशाही वाटतं, पण त्या आठ पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरवल्या असतील तर? तेव्हा ती आठ मतं नसतात, एकच मत आठदा मोजलेलं असतं. तुमच्या कॉलेजच्या, सोसायटीच्या आणि मामाकडच्या ग्रुपवर एकच मेसेज आला म्हणजे तीन साक्षीदार झाले असं नाही. व्हॉट्सअॅप अशा मेसेजवर डबल बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण लावतं. ती खूण एवढंच सांगते, की मेसेज लांबून, हातोहात आला आहे. खरा की खोटा, त्याबद्दल ती काहीच बोलत नाही.

तिसरा मोह सगळ्यात अवघड, कारण तो फक्त हुशार माणसाला होतो. एकनाथ स्वतः मोठे कवी. जिथे शब्द गळलाय तिथे त्यांना ज्ञानेश्वरांच्या शैलीत सुंदर ओवी रचता आली असती. युरोपात असं झालंही. १५१६ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने बायबलच्या नव्या कराराची ग्रीक आवृत्ती छापली. प्रकटीकरणाच्या पुस्तकाची त्याच्याकडची हस्तलिखित प्रत शेवटी अपुरी होती, शेवटची काही वचनं नव्हती. छपाईची घाई होती. त्याने ती वचनं लॅटिनमधून स्वतःच ग्रीकमध्ये भाषांतर करून भरली. त्यातले काही शब्द कुठल्याच ग्रीक हस्तलिखितात नव्हते.

एकनाथ मात्र शेवटी सगळ्यांनाच बजावतात. ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी आणून ठेवली असं समजावं, अशा अर्थाची ती तंबी आहे. स्वतः कवी असलेल्या माणसाने हे लिहावं, याला वजन आहे.

शके १५०६, तारण

एक छोटा प्रयोग करा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरेल. एकनाथ नुसता शक देत नाहीत, संवत्सराचं नावही देतात: तारण. संवत्सरांची ६० नावं असतात, ती चक्राने फिरतात. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. ६० ने भागलं की बाकी १८. प्रभव, विभव, शुक्ल असं मोजत जा, अठरावं नाव तारण येतं.

जुळलं. कोणा लेखकाने नक्कल करताना १५०६ चं १५०९ केलं असतं तर संवत्सर जुळलं नसतं आणि चूक पकडली गेली असती. फाईल डाऊनलोड केल्यावर ती वाटेत बिघडली नाही ना हे पाहायला एक आकडा तपासतात, त्याला चेकसम म्हणतात. शकाशेजारी संवत्सर लिहायची जुनी पद्धत तेच काम करते. ही पद्धत एकनाथांनी शोधली नाही, शिलालेखांत ती त्यांच्या कितीतरी आधीपासून दिसते.

व्हर्जन हिस्टरी कुठे आहे?

कौतुक पुरे. या कामात एक मोठी उणीव आहे.

गुगल डॉक्समध्ये तुम्ही काही बदललं तर व्हर्जन हिस्टरीत जुनं-नवं दोन्ही दिसतं. एकनाथांनी किती पोथ्या घेतल्या, कुठल्या घेतल्या, कोणत्या ओव्या काढल्या, कोणता शब्द बदलून कोणता ठेवला, हे काही लिहून ठेवलं नाही. त्या काळी तशी रीत नव्हती. पण परिणाम असा झाला, की त्यांची प्रत इतकी मान्य झाली की तीच पुढे उतरवली गेली, आणि ‘नाथांनी शुद्ध केली’ म्हटल्यावर कोणी पुन्हा तपासायच्या भानगडीत पडेना. पुराव्यावर उभं राहिलेलं काम पुढच्या लोकांनी श्रद्धेवर घेतलं.

तीन शतकांनी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. बीडमध्ये त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा प्रचलित ज्ञानेश्वरीपेक्षा जुन्या वळणाची होती. ही एकनाथांच्या आधीची प्रत आहे असं म्हणत राजवाड्यांनी ती १९०९ मध्ये छापली. म्हणजे त्यांच्या मते, नाथांच्या प्रतीत जुने शब्द आपल्या काळाप्रमाणे सोपे झाले होते. मघाशी ज्याला ऑटोकरेक्ट म्हटलं, तोच आरोप आता खुद्द नाथांच्या प्रतीवर! मोठा वाद झाला. नंतरच्या अभ्यासकांनी राजवाड्यांच्या पोथीच्या वयाबद्दलही शंका घेतल्या. जुनी भाषा दिसली म्हणजे पोथी जुनीच, हाही शेवटी एक अंदाज असू शकतो. राजवाडे प्रतीवर आधारलेली आवृत्ती पुढे १९६० मध्ये शासनानेही काढली. आज तुम्ही दोन वेगळ्या प्रकाशकांच्या ज्ञानेश्वरी शेजारी ठेवल्या तर कुठे शब्द वेगळे दिसतील, कुठे ओव्यांची संख्या.

पारदर्शक पद्धतीने हेच काम कसं होतं ते पाहायचं असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती बघा. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पूर्ण झालं, १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. पानावर वर स्वीकारलेला श्लोक असतो आणि खाली तळटिपांत कोणत्या प्रतीत काय वेगळं आहे त्याची जंत्री. संपादकाचा निर्णय पटला नाही तर तुम्ही तळटीप बघून त्याच्याशी भांडू शकता. एकनाथांशी तसं भांडता येत नाही.

शेवटची वर्षं

ज्ञानेश्वरीनंतरही एकनाथ लिहीत राहिले. शेवटचा मोठा ग्रंथ भावार्थ रामायण. तो त्यांच्या हातून पुरा झाला नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत लिहून त्यांनी लेखणी ठेवली आणि पुढचा भाग गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याने पूर्ण केला, असं परंपरा मानते. या गावबाला शाळेत काही जमत नव्हतं, त्याला पुरणपोळीचा नाद होता, असंही कीर्तनकार रंगवून सांगतात. ज्याने दुसऱ्याच्या ग्रंथात एक ओवीही घालू नका म्हणून तंबी दिली, त्याचाच ग्रंथ दुसऱ्याने पुरा केला. पण तो उघडपणे, आणि कुठून पुढे गावबा हे लोकांना माहीत ठेवून. क्षेपक आणि हे यात फरक आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. ही नाथषष्ठी. आजही त्या दिवशी शेकडो दिंड्या पैठणला येतात, वाळवंट माणसांनी भरून जातं. परंपरेने वर्ष सांगतात शके १५२१, आणि बहुतेक पुस्तकांत, वेबसाइटवर त्यापुढे इ.स. १५९९ लिहिलेलं असतं.

शकाचा सन करायला ७८ मिळवायचे, हे आपल्याला शाळेत शिकवतात. १५२१ अधिक ७८, बरोबर १५९९. पण शक वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुन त्याचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी कॅलेंडरमध्ये जानेवारी येऊन गेलेला असतो. भाद्रपदातल्या ज्ञानेश्वरीसाठी ७८ चालतात, फाल्गुनासाठी ७९ लागतात. शक १५२१ धरला, तर सन येतो १६००.